रोजचा दिनविशेष फलक: शोधण्यापासून लिहिण्यापर्यंत, टप्प्याटप्प्याने

शाळेच्या परिपाठात, सार्वजनिक वाचनालयाच्या दारात, सोसायटीच्या जिन्यापाशी रोज दिनविशेष लिहिला जातो. इतिहासातली एक घटना, एखाददोन जन्मदिवस, वाचण्यासारखं काही आणि एक पाककृती. चार चौकटींचा हा फलक वाचणारे आवडीने वाचतात आणि त्यातली तारीख खरी मानून मुलं ती वहीत उतरवून घेतात. म्हणूनच त्यातली चूक फलक पुसल्यावरही पुसली जात नाही.

बहुतेक चुका एकाच कारणाने होतात. सकाळी सात वाजता खडू हातात घेतल्यावर मजकूर शोधायला सुरुवात होते, मोबाइलवर आदल्या रात्री आलेला संदेश समोर असतो आणि तोच फलकावर चढतो. फलक सकाळी लिहायचा, पण सकाळी शोधायचा नाही. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीवर उभा आहे.

## टप्पा १: चौकटी आणि शब्दमर्यादा ठरवा

साधारण तीन बाय चार फुटांच्या फलकावर शंभर-सव्वाशे शब्दांहून जास्त मजकूर लांबून वाचता येत नाही. त्यात एक घटना तीन वाक्यांत, जन्मदिवस जास्तीत जास्त दोन, वाचनीय दोन-तीन ओळींत आणि उरलेली जागा पाककृतीला, अशी वाटणी करावी. पाककृतीला सर्वांत जास्त जागा लागते हे आधीच धरून चाला. नाहीतर शेवटची कृती बोटभर जागेत कोंबली जाते आणि नेमकं मापच वाचता येत नाही.

दहा-बारा जयंत्या-पुण्यतिथ्यांची जंत्री लिहू नका. वाचणारा त्यातलं एकही नाव लक्षात ठेवत नाही आणि लिहिणाऱ्याला एकही तारीख तपासायला वेळ मिळत नाही.

## टप्पा २: महिन्याचा तक्ता आधी भरा

पुढच्या महिन्याचा तक्ता चालू महिन्याच्या वीस तारखेपर्यंत तयार हवा. वहीत केलात तरी चालेल. संगणकावर करत असाल तर दिवस, महिना आणि वर्ष हे तीन वेगळे रकाने करा. एक्सेल १९०० पूर्वीच्या तारखा तारीख म्हणून ओळखतच नाही, त्यामुळे एकाच रकान्यात '१६/४/१८५३' लिहिलंत तर क्रम लावताना सगळा घोळ होतो. रकाने वेगळे असले की महिना आणि दिवसानुसार सहज क्रम लागतो.

याशिवाय चार रकाने हवेत: घटना, ती कुठे वाचली, दुसरा आधार कोणता आणि तिथी. 'दुसरा आधार' हा रकाना रिकामा असलेली नोंद फलकावर चढवायची नाही, एवढा एक नियम पाळलात तरी निम्म्या चुका टळतात.

आधार म्हणून मराठी विश्वकोश, जिल्ह्यांची गॅझेटिअर आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे चरित्रकोश हाताशी ठेवा. हे ग्रंथ बऱ्याच जुन्या वाचनालयांत असतात आणि विश्वकोश इंटरनेटवरही वाचता येतो. मोबाइलवर फिरणारे दहा संदेश म्हणजे दहा आधार नव्हेत. ते एकाच संदेशाच्या दहा नकला असतात.

सावधान: परदेशी संकेतस्थळावरून तारीख घेताना आकडे उलटे नाहीत ना ते पाहा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. तिथे ५/११ म्हणजे ११ मे, आपल्याकडे ५ नोव्हेंबर.

## टप्पा ३: तारीख पडताळा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मराठी दिनविशेषात तीन कालगणना एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय तारीख पक्की होत नाही.

जुनी आणि नवी इंग्रजी तारीख. युरोपात १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारलं गेलं. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारलं, इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत थांबून मग २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरला. त्यामुळे सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतली तारीख सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या तारखेपेक्षा दहा दिवसांनी पुढे असते. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असतात.

शिवकालाच्या ज्या तारखा आपण पाळतो त्या बहुतेक जुन्या पद्धतीच्या आहेत. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. त्या दिवशी शनिवार होता. जुन्या पद्धतीने ती तारीख ६ जून १६७४ आणि आजच्या पद्धतीने १६ जून. आजच्या कॅलेंडरने मागे मोजत ६ जून १६७४ चा वार काढलात तर बुधवार येतो आणि 'बखरकार चुकले' असा भलताच निष्कर्ष निघतो. फलकावर ६ जूनच लिहा, कारण दिवस त्याच तारखेला पाळला जातो. वार मात्र मोबाइलवरून काढून लिहू नका.

आणखी एक खाच. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून सुरतेच्या पहिल्या लुटीबद्दलच्या इंग्रजांच्या पत्रांवर जानेवारी १६६३ असं वर्ष दिसतं. आपल्या हिशेबाने तो जानेवारी १६६४ आहे. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली जुनी इंग्रजी नोंद हाती आली की वर्ष हमखास तपासा.

तिथी आणि तारीख. तिथीने येणारा दिवस दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. शिवजयंती शासनाने ठरवल्याप्रमाणे १९ फेब्रुवारीला असते, तर फाल्गुन वद्य तृतीयेची शिवजयंती साधारणपणे मार्चमध्ये येते. दोन्ही दिवस पाळणारे लोक आहेत, तेव्हा फलकावर 'तारखेप्रमाणे' किंवा 'तिथीप्रमाणे' हा शब्द न विसरता लिहा. धम्मचक्र प्रवर्तनाचंही तसंच आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमी होती, त्यामुळे दसरा आणि १४ ऑक्टोबर या दोन्ही दिवशी त्याचं स्मरण होतं.

तिथी उत्तरेकडच्या मजकुरातून घेत असाल तर जास्त जपा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचं नाव सारखं असतं, वद्य पक्षात ते एका महिन्याने बदलतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, हिंदी पंचांगात तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी. हिंदी संदेशाचं भाषांतर करून लिहिलेल्या फलकांवर ही चूक दर वर्षी दिसते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांसाठीही एक सूचना. तिथी सूर्योदयावर ठरते आणि तुमचा सूर्योदय पुण्याच्या सूर्योदयाच्या वेळी होत नाही. इथल्या दिनदर्शिकेतली एकादशी तुमच्याकडे एक दिवस आधी येऊ शकते, म्हणून आपल्या शहराचं पंचांग पाहा.

शक. चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या दिवसासाठी शकात ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या दिवसासाठी ७९. शके १५९६ चा ज्येष्ठ म्हणजे १६७४, पण शके १५५१ चा फाल्गुन म्हणजे १६३०. सरसकट ७८ मिळवणाऱ्याचं शिवजन्माचं वर्ष १६२९ येतं.

सरकारी पत्रांवर 'चैत्र १, शके अमुक' असं छापलेलं असतं, ती तिथी नव्हे. ते १९५७ पासून वापरात असलेलं राष्ट्रीय सौर पंचांग आहे. त्यात चैत्र १ म्हणजे नेहमी २२ मार्च आणि लीप वर्षी २१ मार्च. गुढीपाडव्याशी त्याचा संबंध जोडू नका.

सण आणि तारीख यांची जोडी. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून 'ऐन संक्रांतीच्या दिवशी' असं हमखास लिहिलं जातं. पण संक्रांत इंग्रजी तारखांत हळूहळू पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी संक्रांत होती. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी आधीच्या तारखेला येत असे, म्हणजे पानिपतच्या वेळी संक्रांत होऊन काही दिवस लोटले होते. तिथी लिहायची तर पौष शुद्ध अष्टमी लिहा.

नेमकं काय घडलं? तारीख बरोबर असूनही क्रियापद चुकतं. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं, २६ जानेवारी १९५० ला ते लागू झालं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, ३० मे १९८७ ला त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. 'राजा हरिश्चंद्र'चा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ ला झाला, लोकांसाठी तो ३ मे रोजी लागला. 'झाला', 'सुरू झाला', 'जाहीर झाला' यांपैकी नेमका शब्द कोणता, हे आधारात पाहूनच लिहा.

मराठीच्या दोन दिवसांची गल्लत तर इतकी रुळली आहे की शुभेच्छापत्रांवरही ती दिसते. २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन १ मे रोजी असतो.

तपासून पाहा: नोंदीसमोर (१) दोन स्वतंत्र आधार, (२) तिथी असल्यास आपल्या पद्धतीचा महिना, (३) योग्य क्रियापद, या तिन्हींवर खूण झाली का? एकही खूण राहिली असेल तर ती घटना बाजूला ठेवा. त्या तारखेला दुसरं काहीतरी मिळतंच.

## टप्पा ४: जन्मदिवस निवडा

आधी शब्द नीट वापरा. हयात व्यक्तीचा वाढदिवस, दिवंगत व्यक्तीची जयंती. मृत्यूच्या दिवसाला पुण्यतिथी किंवा स्मृतिदिन. 'जयंतीच्या हार्दिक शुभेच्छा' लिहू नका, अभिवादन लिहा. हयात व्यक्तीचा वाढदिवस महिनाभर आधी तक्त्यात नोंदवलेला असतो, म्हणून लिहायच्या सकाळी एकदा बातम्या जरूर पाहा.

मग नेहमीचे सापळे ओळखा.

*'दिन' म्हणजे जन्मदिवस असं धरणं.* २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन १९२८ मध्ये रामन परिणाम जाहीर झाल्याच्या स्मरणार्थ आहे. सी. व्ही. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. तसंच ६ जानेवारी १८३२ ही बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण' या वृत्तपत्राच्या पहिल्या अंकाची तारीख आहे. जांभेकरांच्या जन्मतारखेबद्दल संदर्भांत एकवाक्यता नाही, तेव्हा त्या दिवशी 'पत्रकार दिन' लिहावं आणि जयंती लिहू नये.

*कागदावरची आणि खरी जन्मतारीख.* ग्रंथपाल दिन १२ ऑगस्टला असतो, कारण डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या अधिकृत नोंदींत ती तारीख आहे. त्यांचा खरा जन्म ९ ऑगस्ट १८९२ चा. आपल्याकडे १ जूनची गोष्ट तर घराघरात ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. त्या पिढीतल्या कोणाचा १ जूनचा वाढदिवस दिसला तर चरित्र किंवा आत्मचरित्र पाहिल्याशिवाय तो चढवू नका.

*वर्षांची मोजणी.* पु. ल. देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा. त्यांचं जन्मशताब्दी वर्ष ८ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झालं आणि शंभर वर्षं २०१९ मध्ये पूर्ण झाली. राष्ट्रीय दिवसांच्या मोजणीत एकाचा फरक पडतो, कारण पहिला दिवसही धरतात. १५ ऑगस्ट २०२५ हा ७९ वा स्वातंत्र्यदिन, पण तेव्हा स्वातंत्र्याला ७८ वर्षं पूर्ण झाली होती. 'वा' आणि 'वर्षं पूर्ण' यांतलं काय लिहायचं ते आधी ठरवून मग वजाबाकी करा.

*एकाच तारखेला जन्म आणि मृत्यू.* १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत लोकमान्य टिळकांचं निधन झालं आणि त्याच दिवशी वाटेगावी अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. अशा दिवशी नावांपुढे 'पुण्यतिथी' आणि 'जयंती' हे शब्द वेगळ्या ओळीत आणि ठळक हवेत. घाईत दोन्ही नावं एका मथळ्याखाली जातात आणि वाचणारा गोंधळतो.

महिन्याचा तक्ता भरून झाला की नावांवरून एकदा नजर फिरवा. सगळे राजकारणातले किंवा सगळे पुरुषच आले असतील तर थोडं शोधा. ३ जानेवारीला नायगावच्या सावित्रीबाई फुले आहेत, १५ जानेवारीला १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आहेत, ४ फेब्रुवारीला पंडित भीमसेन जोशी आहेत. तुमच्या तालुक्यातला कोणी शास्त्रज्ञ, शाहीर किंवा खेळाडू असेल तर त्याला पहिला मान द्या, कारण ते नाव दुसऱ्या कुठल्या फलकावर येणार नाही.

## टप्पा ५: वाचनीय काय द्यायचं

या चौकटीत दोन चुका होतात. पहिली म्हणजे दुसऱ्याच्या नावावर खपवलेला मजकूर. पु. ल., व. पु. किंवा कुसुमाग्रज यांच्या नावाने फिरणाऱ्या कितीतरी ओळी त्यांच्या नसतात. पुस्तकाचं नाव आणि पान सापडलं तरच लेखकाचं नाव लिहा. सापडलं नाही तर ती ओळच वगळा. 'संकलित' असं लिहून ती वाचवू नका.

दुसरी चूक म्हणजे अख्खी कविता किंवा कथा उतरवून काढणं. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. १९६५ मध्ये निधन झालेल्या लेखकाचं साहित्य १ जानेवारी २०२६ पासून खुलं झालं. केशवसुत (निधन १९०५) आणि बालकवी (१९१८) यांच्या कविता निर्धास्त लिहा. कुसुमाग्रजांचं निधन १९९९ चं, म्हणून त्यांची पूर्ण कविता २०५९ संपेपर्यंत परवानगीशिवाय छापता येणार नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाईंची गाणी अशी मागाहून, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि आता तीही खुली आहेत.

माझ्या मते फलकावर उतारा देण्यापेक्षा वाट दाखवणं जास्त उपयोगाचं. पुस्तकाचं नाव, त्यात काय आहे ते एका वाक्यात, आणि ते कुठे मिळेल. वाचनालयात असाल तर कपाटाचा क्रमांक लिहा आणि पुस्तक त्या दिवशी टेबलावर काढून ठेवा. शाळेत किंवा सोसायटीत असाल तर मोफत वाचता येईल असं काही निवडा: साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, विश्वकोशातली एखादी नोंद, विकिस्रोतावरचं जुनं साहित्य.

तपासून पाहा: सुचवलेलं पुस्तक आज खरंच हाती येईल का? कपाटाला कुलूप असेल किंवा प्रत कोणी घरी नेली असेल तर सुचवणी वाया जाते.

## टप्पा ६: पाककृती, पण वेळेवर

पाककृतीची सर्वांत मोठी चूक चवीची नसते, दिवसाची असते. भोगीच्या सकाळी भोगीच्या भाजीची कृती लावून उपयोग नाही. तोवर बाजार झालेला असतो आणि भाजी चुलीवर असते. सणाची कृती दोन दिवस आधी लावा. वालाचं बिरडं असेल तर त्याहून आधी, कारण वाल भिजवून, मोड आणून, सोलायचे असतात. उपासाचे पदार्थ एकादशीच्या आदल्या दिवशी, कारण साबुदाणा रात्री भिजतो.

त्यामुळे पाककृतीचा रकाना तक्त्यात तारखेनुसार न भरता सणापासून उलटा मोजत भरा. उरलेल्या दिवसांत ऋतूला धरून चाला: कैरी आहे तोवर कैरी, थंडीत बाजरी आणि तीळ, आषाढात तळण.

लिहायचा क्रम असा ठेवा:

१. किती जणांसाठी.
२. आधीची तयारी: भिजवणं, मोड, विरजण. ही ओळ सर्वांत वर, साहित्याच्याही आधी.
३. साहित्य, ज्या क्रमाने वापरायचं त्याच क्रमाने.
४. कृती, पाच-सहा छोट्या वाक्यांत.
५. कुठे थांबायचं त्याची खूण: 'कडेने तेल सुटेपर्यंत', 'कणी मोडेपर्यंत'. नुसती मिनिटं लिहिलीत तर जाड बुडाच्या आणि पातळ पत्र्याच्या पातेल्यात फरक पडतो.

माप वाटीचं असेल तर 'सगळ्यासाठी एकच वाटी' असं लिहा. 'चवीनुसार' मिठापुरतं ठेवा. गूळ, चिंच आणि तिखट 'चवीनुसार' लिहिलं की नवशिक्याच्या हाती काहीच लागत नाही.

सावधान: क्रम बदलला तर पदार्थ बिघडतो अशी जागा असेल तर ती ओळ अधोरेखित करा. गुळाच्या खिरीत दूध उकळत असताना गूळ घातला तर दूध फाटू शकतं. खीर उतरवून जरा निवल्यावर गूळ घालायचा असतो. मोबाइलवरच्या कृतींत ही ओळ बहुधा गाळलेली असते.

जी कृती घरी कोणी करून पाहिलेली नाही ती लावू नका. शिक्षकखोलीत किंवा सोसायटीत हाताला चव असलेली माणसं असतात. त्यांच्याकडून कृती घ्या आणि त्यांच्या परवानगीने खाली नाव घाला.

## टप्पा ७: चारही चौकटी एकमेकींशी जुळवा

१६ एप्रिलचा फलक करू या.

*इतिहासात आज:* १६ एप्रिल १८५३, शनिवार. बोरीबंदर ते ठाणे भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि ३४ किलोमीटरचं अंतर. (मालवाहतुकीचे रूळ त्याआधीही देशात होते, म्हणून 'प्रवासी' हा शब्द गाळायचा नाही.)

*जन्मदिवस:* चार्ली चॅप्लिन, जन्म १८८९.

*वाचनीय:* विश्वकोशातली रेल्वेवरची नोंद, किंवा कपाटातलं एखादं प्रवासवर्णन.

*पाककृती: कैरीचं पन्हं, आठ-दहा ग्लास.* दोन मध्यम कैऱ्या कुकरला उकडून घ्या. साल काढून गर कुस्करा. गर कोमट असतानाच एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ घाला. गार गरात गूळ लवकर विरघळत नाही. अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड, असल्यास केशराच्या चार काड्या. मिश्रण गाळून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. ग्लासात दोन मोठे चमचे घालून वर गार पाणी. कैरी फार आंबट असेल तर गूळ दोन वाट्यांकडे न्या.

चॅप्लिन, आगगाडी आणि पन्हं यांचा संबंध काय असं कोणी विचारेल. ओढूनताणून संबंध जोडण्याची गरज नाही. मुलांना चॅप्लिन आवडतो, सुट्ट्या तोंडावर आहेत आणि कैऱ्या बाजारात आहेत, एवढं पुरे. पण चौकटी एकमेकींना छेद देता कामा नयेत, आणि हे फक्त सगळा फलक एकत्र पाहिल्यावरच कळतं. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, शेजारच्या चौकटीत गुलाबजाम नको. ३० जानेवारीला वाढदिवसाच्या रंगीत शुभेच्छा नकोत. २६ नोव्हेंबरला संविधान दिन आहे आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या मृतांचं स्मरणही आहे, तेव्हा दोन्ही लिहा, पण संयमाने. अशा दिवशी पाककृतीची चौकट रिकामी ठेवून तिथे वाचनीय उतारा वाढवला तर कोणाचीही तक्रार नसते.

तपासून पाहा: जिल्ह्यात किंवा गावात काल मोठी दुर्घटना झाली आहे का? तसं असेल तर तयार फलक बाजूला ठेवा. यासाठी तारीख नसलेले दोन साधे फलक तक्त्याच्या शेवटी तयार असू द्या.

## टप्पा ८: फलक लिहा

मजकूर आदल्या संध्याकाळी कागदावर पूर्ण लिहून ठेवा. सकाळी त्यावरून फक्त उतरवायचं.

खडूने लिहिताना देवनागरी १ आणि ९ यांत फार घोटाळा होतो. १८९१ चं १८११ झालं की बाबासाहेबांचं जन्मवर्ष ऐंशी वर्षांनी मागे जातं. ९ ची गाठ मोठी काढा आणि १ चा शेपटा सरळ ठेवा. वर्षं पांढऱ्या खडूनेच लिहा, कारण पिवळा आणि गुलाबी खडू उन्हाच्या तिरिपेत दिसत नाही. रफार आणि अनुस्वार शेवटी एकदा फिरून पाहा.

लिहून झाल्यावर दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. परिपाठात दिनविशेष वाचणारा विद्यार्थी यासाठी योग्य. तो जिथे अडखळतो तिथे वाक्य लांब आहे किंवा अक्षर वाईट आहे. परिपाठापूर्वी पाच मिनिटं त्याच्या हाती मजकूर दिलात तर परक्या नावांचे उच्चारही नीट होतील.

## टप्पा ९: चूक निघाली तर

कोणी चूक दाखवली तर आधी आधार विचारा आणि स्वतःचा आधारही काढून दाखवा. चूक खरी असेल तर नुसता आकडा पुसून नवा लिहू नका. सकाळी वाचून गेलेल्यांना ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी फलकाच्या तळाशी 'कालची दुरुस्ती' म्हणून बरोबर तारीख लिहा आणि परिपाठातही सांगा.

तक्त्यातली नोंद त्याच दिवशी दुरुस्त करा. पुढच्या वर्षी हाच तक्ता पुन्हा वापरायचा आहे: इतिहास आणि जन्मदिवस तसेच राहतील, तिथीने येणारे दिवस नव्या पंचांगावरून हलवावे लागतील, 'वर्षं पूर्ण'चे आकडे एकाने वाढतील आणि सणांच्या पाककृती पुन्हा उलट्या मोजून बसवाव्या लागतील. हयात व्यक्तींची नावं वेगळ्या रंगाने लिहून ठेवलीत तर ती दर वर्षी पुन्हा तपासायची आहेत हे विसरत नाही.